स्वॅडल म्हणजे नक्की काय, आणि मावशींच्या दुपट्याचं काय करायचं?

वाचकाचं पत्र:

ताई, माझी मुलगी पाच आठवड्यांची झाली. मी अजून माहेरीच आहे, नाशिकला. मावसबहीण डॅलसहून आली तिने बाळासाठी दोन 'स्वॅडल' आणलेत. एक झिपची पिशवी आहे, वरती वेलक्रो, आणि दुसऱ्यात छातीवर दाण्यांसारखं वजन भरलंय, त्याने म्हणे बाळ शांत झोपतं. आई म्हणाली हे स्वॅडल म्हणजे काय गं, मी म्हटलं बाळाला गुंडाळायचं, तर ती म्हणते मग आमच्या मालिशवाल्या मावशी आंघोळ झाली की पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधतातच की, ते काय वेगळं आहे? आता रोज ह्याच्यावरून वाद. नवरा फोनवर म्हणतो डिक्शनरीत बघ, जो खरा अर्थ असेल तसं करा. बघितलं तर 'घट्ट गुंडाळणे' असं लिहिलंय, म्हणजे मावशीच बरोबर? पण हॉस्पिटलमधल्या सिस्टर म्हणाल्या होत्या पाय बांधू नका. मुलगी पायाळू होती म्हणून सिझर झालं. हा शब्द नक्की कुठून आला, खरा अर्थ काय आणि मी करू काय? – गोंधळलेली आई

प्रिय नवी आई,

आधी खूप खूप अभिनंदन. पाच आठवड्यांच्या बाळाच्या आईला सलग काही वाचायला मिळत नाही म्हणून महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, बाकीचं लेक झोपली की निवांत वाच. आजपासून पाय सरळ करून बांधणं बंद, एकदम बंद. हात गुंडाळले तर चालतील, पाय नाही. आणि ते वजनवालं जे आहे ते वापरायचंच नाही, एकदाही नाही. सिस्टर बरोबर सांगत होत्या.

आता तुझा शब्दाचा प्रश्न. तो मला खरंच आवडला, कारण तुमच्या घरातला सगळा घोळ त्या एका शब्दात आहे. तुम्ही तिघं स्वॅडल म्हणताय आणि तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या, 'स्वाथियन' असं एक क्रियापद होतं, अर्थ पट्टी गुंडाळणं. त्यातूनच आजचा 'स्वेथ' आला, जखमेवर बँडेज गुंडाळतात किंवा कोणी शालीत पूर्ण लपेटलेलं असतं तेव्हा इंग्रजीत तो वापरतात. (इंग्रजी पेपरमध्ये जमिनीच्या मोठ्या पट्ट्यासाठी असाच दिसणारा शब्द येतो तो ह्यात धरू नकोस, तो विळ्याने गवत कापत गेल्यावर पडणाऱ्या पट्ट्यावरून आलाय, डिक्शनरीत त्याची नोंद वेगळी असते.) तर ह्या स्वाथियनपासून १२०० च्या आसपास 'स्वाथेलेन' असं रूप तयार झालं आणि पुढे बोलता बोलता त्याचं स्वॅडल झालं. शेवटी जो 'ल' लागलाय ना तो महत्त्वाचा आहे. इंग्रजीत हा प्रत्यय लागला की क्रिया परत परत होते असा अर्थ येतो, स्पार्क म्हणजे ठिणगी आणि स्पार्कल म्हणजे लुकलुकत राहणं, क्रॅक म्हणजे एकदा तडकणं आणि क्रॅकल म्हणजे तडतडत राहणं. तसंच स्वॅडल म्हणजे नुसतं एकदा पांघरूण घालणं नाही तर वेढ्यावर वेढा देत, फिरवून फिरवून गुंडाळत जाणं.

म्हणजे मूळ शब्दात जे चित्र आहे त्यात दुपटं नाहीच आहे, पट्टी आहे. चिंचोळी, लांबच लांब पट्टी. दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरेनस नावाचा एक वैद्य होता, मूळचा इफेससचा, त्याने बाळंतपणावर आणि नवजात बाळावर ग्रीकमध्ये मोठा ग्रंथ लिहिलाय आणि त्यात हे गुंडाळणं अगदी बारकाईने दिलंय: मऊ, स्वच्छ लोकरीच्या पट्ट्या घ्यायच्या, हाताला वेगळी, पायाला वेगळी, छातीला वेगळी, मग सगळं मिळून एक, आणि शेवटी पाय एकमेकांना चिकटवून त्यावरून वेढे. घोटे आणि गुडघे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये लोकर ठेवायची. हे कशासाठी, तर हातपाय सरळ व्हावेत, शरीराला आकार यावा. तुझ्या मावशींना हे वाचून दाखवलंस ना तर म्हणतील बघा, मी काय वेगळं सांगते! आणि खरंच त्यांचा विचार तोच आहे, बाळाचं अंग ओलं असतं, जसं ठेवू तसं राहतं, म्हणून आत्ताच सरळ करून घ्या. ही समजूत रोमपासून नाशिकपर्यंत सगळीकडे होती आणि कुठल्याही आजीने ती वाईट हेतूने जपली नाही.

उलट त्या काळी बाळाला असं गुंडाळणं म्हणजे बाळाचं कोणीतरी आहे ही खूण होती. बायबलच्या जुन्या करारात यहेज्केलच्या पुस्तकात एका टाकून दिलेल्या मुलीचं वर्णन आहे, तिची नाळ कापली नाही, तिला पाण्याने धुतलं नाही, मीठ चोळलं नाही आणि गुंडाळलंही नाही, म्हणजे तिची कोणाला दया आली नाही. आणि लूकच्या शुभवर्तमानात मरिया बाळ येशूला गुंडाळून गव्हाणीत ठेवते ती जागा तर सगळ्यांना माहितीये. तिथे मूळ ग्रीकमध्येही पट्ट्यांनी गुंडाळण्याचंच क्रियापद आहे, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'स्वॅडलिंग क्लोद्ज' असे शब्द आले ते इतके रुजले की त्यानंतर कित्येक पिढ्या इंग्रज माणसाने स्वॅडल हा शब्द ऐकला की त्याला आधी नाताळचा गोठा आठवायचा. मराठी बायबलमध्ये त्याच ठिकाणी बाळंतं असा शब्द आहे. आपल्या घरातलं बाळंतं, बाळोतं जे काही म्हणता ते, जुन्या सुती साडीचं नाहीतर धोतराचं मऊ झालेलं फडकं.

अजून एक गंमत सांगते आणि मग मुद्द्यावर येते. अठराव्या शतकात डब्लिनमध्ये मेथडिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना 'स्वॅडलर' म्हणून चिडवायचे. जॉन सेनिक नावाचा एक प्रवचनकार ह्या गुंडाळलेल्या बाळावरच बोलत होता, ऐकणाऱ्या एकाला ते शब्द बायबलमधले आहेत हेच माहीत नव्हतं, त्याला ते इतके विचित्र वाटले की त्याने सगळ्या पंथालाच ते नाव ठेवून दिलं. त्या पंथाचा एक पुढारी चार्ल्स वेस्ली १७४७ मध्ये तिथे गेला तेव्हा त्याला रस्त्यात हेच ऐकायला मिळालं, त्याच्या रोजनिशीत आहे.

आता फ्लॉरेन्सला जाऊ. तिथे एक जुनी संस्था आहे, टाकून दिलेल्या बाळांना पूर्वी तिथे सांभाळायचे, ओस्पेदाले देल्ली इनोचेंती. तिच्या इमारतीला समोरून कमानी आहेत आणि दोन कमानींच्या मध्ये वरती निळ्या गोल चकतीत एकेक पांढरं बाळ, चकाकणाऱ्या भाजलेल्या मातीचं. १४८७ च्या सुमारास आंद्रेआ देल्ला रॉब्बियाने केलेली. फोटो नक्की शोधून बघ. काही बाळं कमरेपासून पायापर्यंत पट्ट्यांनी आवळलेली आहेत, एकावर एक आडवे वेढे स्पष्ट मोजता येतात, आणि काहींच्या पट्ट्या सुटून खाली लोंबतायत. शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांनी बघायचा असेल तर ह्याच्याइतकं चांगलं काही नाही. आणि योगायोग असा की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची जी मोठी संघटना आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, तिच्या बोधचिन्हात ह्याच इमारतीवरचं गुंडाळलेलं बाळ आहे. आज बाळाला कसं गुंडाळावं आणि कधी गुंडाळू नये ह्याचे जगभर वापरले जाणारे नियम ह्याच संघटनेचे आहेत.

मग हे पट्ट्यांचं प्रकरण बंद कसं झालं, तर डॉक्टरांनी आणि विचारवंतांनी भांडून बंद केलं. १७४८ मध्ये लंडनला विल्यम कॅडोगन नावाच्या डॉक्टरने तिथल्या अनाथ बाळांच्या संस्थेसाठी एक निबंध लिहिला आणि त्यात त्याने स्पष्ट म्हटलं की बाळ जन्मलं की त्याच्या अंगावर फ्लॅनेल, पट्ट्या, गुंडाळण्या इतक्या चढवतात की त्यांचं वजन जवळजवळ बाळाच्या वजनाइतकं होतं, आणि त्या उष्णतेने आणि भाराने बाळाचं नुकसान होतं. हे वाक्य मी तुला मुद्दाम सांगतेय कारण तुझ्या घरात छातीवर वजन ठेवायची पिशवी येऊन पडलीये! १७६२ मध्ये फ्रान्समध्ये रूसोने तर ह्या प्रथेवर आगच पाखडली, त्याचं म्हणणं होतं की गावातल्या दाया बाळाला बोचक्यासारखं आवळून खिळ्याला अडकवून ठेवतात आणि आपल्या कामाला निघून जातात. तिथून पुढे पश्चिम युरोपात पट्ट्या हळूहळू सुटल्या आणि शब्द राहिला तो नाताळच्या गाण्यांपुरता.

परत आला तो अगदी अलीकडे. १९९४ मध्ये अमेरिकेत मोठी मोहीम सुरू झाली की बाळाला झोपवताना उताणंच झोपवा, पालथं नको, कारण पालथ्या झोपलेल्या बाळांमध्ये झोपेत अचानक मृत्यू होण्याचं प्रमाण जास्त दिसत होतं. त्या मोहिमेने असे मृत्यू खूप कमी झाले. पण उताणं बाळ दचकतं, हात फेकतं आणि स्वतःच्याच हातांनी जागं होतं. ह्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, एर्न्स्ट मोरो ह्या डॉक्टरने १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून. मग आईबापांना झोप मिळेना, आणि हात गुंडाळून ठेवण्याची जुनी युक्ती परत आली. ह्या वेळी पट्टी नव्हती, चौकोनी मलमलचं कापड होतं, पुढे वेलक्रो आली, झिप आली, पिशव्या आल्या. नाव मात्र जुनंच चिकटवलं. स्वॅडल.

तर तुझ्या नवऱ्याला सांग की डिक्शनरीतला अर्थ बरोबरच आहे, घट्ट गुंडाळणे हाच मूळ अर्थ आहे आणि त्या अर्थाने मावशी करतात तेच खरं स्वॅडल. पण मूळ अर्थ म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नसतो ना. ज्या गोष्टीला हा शब्द पहिल्यांदा लागला ती गोष्ट बाळाच्या खुब्यासाठी वाईट होती, आणि आज ज्या चांगल्या पिशव्यांवर हाच शब्द छापतात त्यात पायाकडे मुद्दाम ऐसपैस जागा सोडलेली असते. त्यामुळे पुढे कोणीही स्वॅडल कर किंवा करू नको म्हटलं की एवढंच विचारायचं, पायांचं काय?

पायांचं काय ते सांगते. पोटात बाळ मांड्या वर घेऊन, गुडघे दुमडून असतं. जन्माला येतं तेव्हा खुब्याची वाटी पूर्ण हाडाची नसते, बरीचशी मऊ कूर्चा असते, आणि सांध्याचे बंधही सैल असतात. मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत नीट बसून राहिला तरच वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. पाय दुमडलेले आणि बाहेर फाकलेले, बेडकासारखे, असले की गोळा वाटीत पक्का बसतो. पाय ओढून सरळ केले आणि जोडून आवळले की तो वाटीच्या काठाकडे सरकतो. हे रोज तासन् तास, आठवडेच्या आठवडे झालं तर खुबा उथळ राहू शकतो, नाहीतर निखळूही शकतो. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, म्हणून घरात कळत नाही. कळतं ते चालायला लागल्यावर, लंगडतं तेव्हा.

आणि हे नुसतं पुस्तकातलं नाही. जपानमध्ये बाळाचे पाय सरळ करून गुंडाळायची पद्धत होती आणि तिथे खुबा निखळण्याचं प्रमाण शंभरात एक ते साडेतीन इतकं होतं. १९७५ पासून तिथे देशभर मोहीम काढली की पाय सरळ बांधू नका, आणि ते प्रमाण हजारात दोनच्या आसपास आलं. अमेरिकेतल्या नॅव्हाहो लोकांमध्ये बाळाला लाकडी पाटीला पाय सरळ ठेवून बांधायची रीत होती, तिथेही हा त्रास जास्त दिसायचा. ह्याच्या उलट आफ्रिकेत पाठीवर पाय फाकवून बाळ बांधतात तिथे तो फार कमी दिसतो. आणि हे आईला आवर्जून सांग की आपण बाळ कडेवर घेतो, एक पाय पुढे एक मागे, ते खुब्यासाठी फार छान असतं. बाळाची मान धरली की बिनधास्त कडेवर घ्या.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि तू ते अगदी जाता जाता लिहिलंयस. मुलगी पायाळू होती. पायाळू असणं आणि त्यातून मुलगी असणं ह्या दोन्ही गोष्टींनी खुब्याच्या त्रासाची शक्यता वाढते, पहिलंच मूल असेल तर अजून थोडी, आणि घरात कोणाला लहानपणी असं झालेलं असेल तर अजून. घाबरू नकोस, पायाळू बाळांपैकीही बहुतेकांचे खुबे अगदी व्यवस्थित असतात. पण पायाळू मुलीच्या बाबतीत हाताने तपासून ठीक वाटलं तरी साधारण सहा आठवड्यांनंतर खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी असं सांगतात. त्यात सुई नाही, एक्स-रे नाही. आणि काही निघालंच तर लवकर सापडल्यावर उपाय सोपा असतो, पाव्लिक हार्नेस म्हणून कापडी पट्ट्यांचा एक पट्टा असतो तो काही आठवडे घालतात, त्याने पाय दुमडलेले आणि फाकलेले राहतात. तोही पट्ट्यांनी बांधणंच आहे बघ, फक्त मावशी बांधतात त्याच्या बरोब्बर उलट. उशिरा सापडलं तर मात्र प्लॅस्टर, ऑपरेशन अशी लांबड लागते.

आता दुपटं कसं बांधायचं ते. मावशींचं दुपटं चालेल, उलट नव्या सिंथेटिक कापडापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती दुपटं कधीही चांगलं. पलंगावर ते पत्त्यातल्या चौकटसारखं तिरपं अंथर, वरचं टोक वीतभर आत दुमड, त्या दुमडीच्या रेषेवर बाळाचे खांदे आले पाहिजेत, मान आणि डोकं बाहेर. एक हात अंगाशी घे, अगदी ताणून सरळ करायची गरज नाही, थोडा दुमडलेला राहू दे, त्या बाजूचं टोक छातीवरून आणून पाठीखाली सरकव. मग दुसरा हात, दुसरं टोक. छातीवर कापड आणि बाळ ह्यांच्यात तुझी दोन बोटं सहज जायला हवीत, श्वास घेताना बरगड्या हलतात त्याला जागा पाहिजे. आणि खालचं टोक, जे मावशी पायांवरून ओढून गच्च खोचतात, ते सैल वर दुमडायचं, नाहीतर नुसतं पीळ देऊन बाजूला ठेवायचं. बांधून झालं की बघ, बाळाला गुडघे वर पोटाकडे घेता येतायत का आणि बाजूला फाकवता येतायत का. येत असतील तर बरोबर बांधलं. नसतील तर परत सोड.

मावसबहिणीची ती झिपवाली पिशवीही ह्याच कसोटीवर बघ, खालचा भाग घेरदार असेल आणि पाय आत मोकळे हलत असतील तर खुशाल वापर. खालूनही नळीसारखी अरुंद असेल तर नको. वजनवाली का नको ते सांगायचंच राहिलं: अमेरिकन अकॅडमीने २०२२ च्या नियमांमध्ये झोपलेल्या बाळावर किंवा जवळ वजनवाली स्वॅडल, वजनवाली पांघरुणं वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. एवढ्याशा छातीवर भार नको. बहिणीने प्रेमाने आणलंय, तिला वाईट वाटेल म्हणून वापरू मात्र नकोस, तिला हा नियम सांग, ती तिथे राहते तर तिच्या ओळखीच्या बाळांसाठीही तिला कामाचा आहे.

गुंडाळलेलं बाळ नेहमी उताणंच झोपवायचं. कुशीवर नाही, पालथं तर अजिबात नाही. २०१६ मध्ये ह्यावर आधीच्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं होतं त्यात गुंडाळून पालथं ठेवलेल्या बाळांना झोपेतल्या अचानक मृत्यूचा सगळ्यात जास्त धोका दिसला, त्याखालोखाल कुशीवर ठेवलेल्यांना. आणि ज्या दिवशी लेक कुशीवर वळायची खटपट करायला लागेल त्या दिवसापासून हात गुंडाळणं पूर्ण बंद, मग ती अडीच महिन्यांची असो नाहीतर साडेतीन. बहुतेक बाळं तीन-चार महिन्यांत सुरू करतात. आई म्हणेल अजून कुठे पालथी पडतीये, पण पूर्ण पालथं पडायची वाट बघायची नाही, कारण पालथं पडलं आणि हात आत बांधलेले असले तर बाळाला डोकं वर करून तोंड मोकळं करता येत नाही.

उन्हाळ्यात अजून एक काळजी. आंघोळ, मग शेगडीचा शेक, मग धुरी, मग कुंची, मग दुपटं, मग वरून गोधडी आणि खिडक्या बंद, हे सगळं एकत्र झालं की बाळ तापतं, आणि जास्त गरम होणं हे झोपेतल्या त्या धोक्यातलं एक कारण आहे. सुती झबलं आणि एक पातळ दुपटं पुरे. हातपाय गार लागतात म्हणून कपडे चढवू नका, मानेमागे आणि छातीला हात लावून बघा, घाम असेल तर एक थर काढा. धुरी तर बंदच करा असं मी म्हणेन, एवढ्याशा फुप्फुसात धूर कशाला. झोपताना डोक्यावर कुंची-टोपडंही नको.

आणि दिवसभर बांधून ठेवायचं नाही, फक्त झोपेपुरतं. जागी असताना लेकीला हातपाय मारू दे. दूध पाजताना तर सोडच. भूक लागली की बाळ हात तोंडाकडे नेतं, ही भुकेची पहिली खूण असते, हात बांधलेले असले की ती दिसतच नाही आणि बाळ रडेपर्यंत कळत नाही. शिवाय पाजताना अंगाला अंग लागलं की बाळ नीट पितं आणि तुझं दूधही चांगलं उतरतं.

राहिल्या मावशी आणि आई. वाद कशाला घालतेस, त्यांना बाळ दचकू नये आणि शांत झोपावं एवढंच हवंय ना, मग ते हात गुंडाळून होतंच आहे, ते काम त्यांचंच राहू दे. त्यांची खरी भीती पाय वाकडे राहतील ही आहे, तिचं उत्तर दे. सगळ्या नवजात बाळांचे पाय थोडे बाकदार असतात, पोटात दुमडून बसल्यामुळे, आणि दीड-दोन वर्षांपर्यंत ते आपोआप सरळ होतात. बांधल्याने सरळ होत नाहीत आणि न बांधल्याने वाकडे राहत नाहीत. मालिश खुशाल करू दे, मावशींच्या हाताला गुण असतो, पण पाय ओढून ताणणं, दोन्ही पाय धरून उलटं लटकवणं, ह्याला मात्र स्पष्ट नाही म्हण. हे म्हणताना आवाज चढवावा लागला तरी चालेल, तू तिची आई आहेस.

पुढच्या आठवड्यात सहा आठवड्यांच्या लसीला जाशीलच. तेव्हा आईला बरोबर ने आणि दुपटंही पिशवीत टाक. लेक पायाळू होती हे डॉक्टरांना स्वतःहून सांग, फाईलमध्ये असेल म्हणून गप्प बसू नकोस, दोन्ही खुबे तपासून घे आणि सोनोग्राफी कधी करायची ते लिहून घे. लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकते का, दोन्ही मांड्यांवरच्या वळ्या वेगळ्या दिसतात का, एक पाय आखूड वाटतो का, हे आत्तापासून बघत जा आणि तसं काही दिसलं तर लसीपर्यंतही थांबू नकोस, लगेच दाखव. मग डॉक्टरांच्या टेबलावरच आईला दुपटं बांधून दाखवायला सांग आणि डॉक्टर काय बदलायला सांगतात ते तिलाच ऐकू दे, म्हणजे घरी येऊन मावशींना तीच शिकवेल.